आवाज पुढे असतो

विठ्ठलवाडी,
६ जानेवारी २०२५

प्रिय साईनाथ,
जय भीम.

अभिनंदन. कशाबद्दल ते तुला ठाऊक आहे, तरी मी आपलं रीतसर करतो.

कालच्या पुरवणीत आमच्या मेघनाची मुलाखत आली. शेजारची वैशाली कात्रण घेऊन आली, वर पेनाने लिहिलेलं, काका, तुमची पोरगी सिनेमाच्या आवाजात केवढी मोठी झाली! फोटो छान आहे. खाली चौकोन करून जाड अक्षरात छापलंय, 'आवाज म्हणजे काय, हे मला साईनाथकाकांनी शिकवलं.' मी ती मुलाखत तीनदा वाचली. माझं नाव शोधत होतो. शेवटी एका ओळीत सापडलो, तेही नावाशिवाय. 'वडील कल्याणच्या एका थेटरात ऑपरेटर होते.' होते! म्हणजे मला पोचवून आले वाटतं सगळे.

अरे, कांता गेली तेव्हा ही पोरगी चार वर्षांची होती. घरात दुसरं बाईमाणूस नव्हतं. तिला केबिनमध्ये घेऊन बसायचो मी, दोन मशीनच्या मधे, फळीवर चादर टाकून. तीन वर्षं ती तिथे वाढली. रीळ संपत आलं की मशीनचा सूर बदलतो, ते तिला माझ्या आधी कळायचं. हे शिकवलं कोणी? तू? तू तेव्हा ठाण्यात पोरांना आर्किमिडीज शिकवत होतास.

आणि आता डोंबिवलीच्या शाळेत ती प्रदर्शन भरवतेय म्हणे, मुकं चित्र बोलायला कसं लागलं याचं. बोर्ड कोण लिहिणार, तर साईनाथ परब सर. मला कोणी विचारलंसुद्धा नाही. तेहतीस वर्षं त्या मशीनला तेल मी घातलं आणि बोर्ड लिहिणार वर्तकनगरचा मास्तर, जो केबिनमध्ये यायचा तो फुकट सिनेमा बघायला.

बोर्डांचा मजकूर पाठव. बघू तरी काय दिवे लावलेस.

तुझा,
धोंडिबा

*

वर्तकनगर, ठाणे,
११ जानेवारी २०२५

प्रिय धोंडिबा,
जय भीम.

तुझं पत्र मिळालं. पाकीट उघडताना बोट भाजलं.

आधी माझी तक्रार. चार वेळा फोन केला, तू एकदाही उचलला नाहीस. मेघनाही म्हणते, बाबा फोन घेतच नाहीत, घेतला तर 'हो हो, ठीक आहे' म्हणून ठेवून देतात. हा कसला ताठा? माणसाने रागवावं, पण फोन घेऊन रागवावं.

मुलाखतीचं म्हणशील तर त्या वार्ताहराने विचारलं, 'ध्वनी म्हणजे काय ते कोणी शिकवलं?' तिने खरं सांगितलं. कॉलेजात असताना फिजिक्ससाठी ती दोन वर्षं आमच्याकडे येत होती. यात तुझ्या ताटातलं मी काय उचललं?

तुला का विचारलं नाही, त्याला एक कारण आहे. ते तुला सांगायचं नाही असं मी आणि मेघनाने ठरवलंय. धीर धर.

पहिले तीन बोर्ड सोबत पाठवतो. पहिला फिरत्या चित्रांच्या खेळण्यांचा: गोल डबा, आत कागदावर पळणारा माणूस, डबा फिरवला की तो धावतो. दुसरा घोड्याचा. पळताना चारही पाय एकदम जमिनीवरून सुटतात का, या वादापायी एकाने ओळीने बारा कॅमेरे लावले आणि दाखवून दिलं की सुटतात. तिसरा माझा सगळ्यांत आवडता. पॅरिसच्या छापखान्यातल्या एका गृहस्थाने कागदाला दिव्याची काजळी फासली, कर्ण्याला एक राठ केस बांधला आणि कर्ण्यात बोलला. केस थरथरला, काजळीवर नागमोडी रेघ उमटली. १८५७ साल. जगात पहिल्यांदा आवाज कागदावर उतरला. फक्त तो परत वाजवायचा कसा, हे त्याला माहीत नव्हतं. त्याला वाजवायचा नव्हताच, त्याला तो वाचायचा होता. वीस वर्षांनी अमेरिकेत एडिसनने कथलाच्या पत्र्यावर सुई फिरवून तो वाजवूनही दाखवला, आणि नाव त्याचं झालं.

चुका काढ. काढशीलच.

तुझा,
साईनाथ

*

विठ्ठलवाडी,
१७ जानेवारी २०२५

प्रिय साईनाथ,
जय भीम.

फोनवर बोललेलं वाऱ्यावर जातं. लिहिलेलं राहतं, नंतर तोंडावर मारता येतं. म्हणून मी लिहितो. व्हॉट्सअ‍ॅपचं नाव काढू नकोस, माझ्या एका बोटाखाली तीन अक्षरं दाबली जातात.

बोर्ड वाचले. भाषा चांगली आहे, मास्तर आहेस. पण तो काजळीवाला मला फार लागला रे. मेहनत त्याची, कागद त्याचा, काजळी त्याच्या नाकातोंडात, आणि वाजवून दाखवणारा भलताच. लोक विचारतात कोणाला? वाजवणाऱ्याला. त्या बिचाऱ्याने मरायच्या आधी काही बोंब मारली की नाही? मारली असेल तर लिही. नसेल मारली तर मी त्याच्या वतीने मारतो.

तू समजायचं ते समज. माझ्या पोटात दुखतंय, आणि ते मी ओव्याने बरं करणार नाही. माझी पोरगी काजळीच्या कागदासारखी होती, मी बोललो ते तिच्यावर उमटलं. तू पुढे येऊन वाजवलंस. आयत्या बिळावर नागोबा.

आणि ते कसलं गुपित? माझ्या पोरीचं आणि तुझं असं काय आहे जे बापाला सांगायचं नाही? उद्या लग्नाच्या पत्रिकेतही तिच्या बापाच्या जागी तुझंच नाव छापा. चाळीस वर्षांची घोडी झाली, लग्न काही करत नाही, हे नशीब.

एक विचारायचं राहिलं. एडिसन बहिरा होता ना? कुठेतरी वाचलेलं, आवाज ऐकायला तो पेटीचं लाकूड दातांत धरायचा. ते बोर्डावर टाक. लोकांना कळू दे, की कान गेले म्हणून माणूस आवाजातून बाद होत नाही.

पुढचे बोर्ड पाठव. खरी मजा तिथे आहे. सिनेमाच्या पट्टीवर आवाज कुठे बसतो ते तू कसं लिहितोस, बघतोच.

तुझा,
धोंडिबा

*

वर्तकनगर, ठाणे,
२५ जानेवारी २०२५

प्रिय धोंडिबा,
जय भीम.

तुझं पत्र हिने वाचलं आणि म्हणाली, भाओजींना जेवायला बोलवा, उपाशीपोटी माणूस असं लिहितो. मला मात्र दोन दिवस नीट जेवण गेलं नाही.

ऐक, आज मीही सांगून टाकतो. जळायचं काम काय तू एकट्याने घेतलंयस? कल्याणच्या चाळीत आपण शेजारी होतो तेव्हापासून मी तुझ्यावर जळतोय. मी फळ्यावर भिंगाची आकृती काढायचो, पोरं जांभया द्यायची. तू तीच भिंगं फडक्याने पुसायचास आणि खाली आठशे माणसं रडायची. मी फिल्म मशीनला एकदाच लावायला घेतली, तर तिचा सगळा गुंताळा करून ठेवला, आठवतं? तू हसला नाहीस, त्याचा मला जास्त राग आला. मेघनाने पेपरात माझं नाव घेतलं त्या दिवशी मी माजिवड्याच्या नाक्यापर्यंत चालत गेलो आणि पाच अंक विकत घेतले. आता म्हण काय म्हणायचं ते.

तुझ्या काजळीवाल्याने बोंब मारली होती. पुस्तकच छापलं होतं, की हे आधी मी केलं. वर्षभरात वारला. पुढचं ऐक. २००८ साली शास्त्रज्ञांनी त्याचा एक कागद संगणकाला वाचायला दिला आणि त्यातून गाणं निघालं! दीडशे वर्षांनी! आधी सगळ्यांना वाटलं, बाईचा आवाज आहे, नाहीतर एखाद्या मुलीचा. मग कळलं, वेग दुप्पट लावला गेला होता. तो त्याचा स्वतःचाच आवाज होता. एडिसनचे दातही बोर्डावर टाकलेत, खास तुझ्यासाठी.

आता पुढचे बोर्ड. चौथा, पेटीत डोळा लावून चित्र बघायचं आणि कानात नळ्या घालून आवाज ऐकायचा, त्या यंत्राचा. पाचवा, पडद्यावर चित्र आणि बाजूला तबकडी. सुई एक उडी मारायची आणि नायकाच्या तोंडून नायिका बोलायची. सहावा, आवाज फिल्मच्याच काठावर छापला जाऊ लागला, त्याचा. हा सहावा नीट बघ रे. केबिनमध्ये तू मला म्हणालेलास, 'चित्र आणि आवाज शेजारी शेजारी नसतात, आवाज वीस चौकटी पुढे असतो.' ते धरून मी लिहिलंय: 'पट्टीवर आवाज त्याच्या चित्रानंतर वीस चौकटींनी छापलेला असतो, कारण मशीनमध्ये आधी चित्राची खिडकी येते आणि मग खाली आवाजाचा ड्रम.' बरोबर ना? यावर आमचं एक काम अडलंय. मेघना शूटिंगला हैदराबादला आहे, ती म्हणाली, बाबांनी बघितलं की झालं. तुझं उत्तर आलं की मी पुढे जातो.

तुझा,
साईनाथ

*

विठ्ठलवाडी,
२९ जानेवारी २०२५

साईनाथ,

चुकलास! अरे मास्तरा, साफ उलटं लिहिलंस.

मी म्हणालो होतो 'पुढे'. आम्हा ऑपरेटर लोकांचं 'पुढे' म्हणजे रिळाच्या तोंडाकडे. जे मशीनमध्ये आधी शिरतं ते पुढचं. तू 'पुढे' म्हणजे 'नंतर' धरलंस, गोष्टीत 'पुढे काय झालं' म्हणतात तसं. चित्र खिडकीत असतं तेव्हा खाली ड्रमवर कोणता तुकडा असतो? जो खिडकीतून आधीच निघून गेलेला असतो तो. म्हणून त्या चित्राचा आवाज त्याच्या आधी छापायला लागतो. वीस चौकटी आधी. फिल्म तोडताना हे ध्यानात ठेवलं नाही तर माणूस राहतो आणि त्याचा आवाज जातो.

तो बोर्ड बदल. लगेच

(हे पत्र इथेच थांबलं. पोस्टात पडलं नाही.)

*

विठ्ठलवाडी,
३० जानेवारी २०२५

प्रिय साईनाथ,
जय भीम.

बोर्ड वाचले. सगळं बरोबर आहे. सहावा तर एक नंबर. मोठ्या अक्षरात लिही, लांबून दिसला पाहिजे.

तुझा,
धोंडिबा

*

वर्तकनगर, ठाणे,
८ फेब्रुवारी २०२५

प्रिय धोंडिबा,
जय भीम.

तुझ्या दोन ओळींनी जीव भांड्यात पडला. तू 'एक नंबर' म्हणालास, हे मी हिला दोनदा वाचून दाखवलं. काम त्याच संध्याकाळी उरकून टाकलं.

उद्घाटन रविवारी, १६ तारखेला, सकाळी दहा वाजता, डोंबिवलीला शाळेच्या सभागृहात. सुदेश नावाचा एक उत्साही माणूस स्वतःचं जुनं सिनेमाचं मशीन टेम्पोत घालून आणतोय. तू पहिल्या रांगेत, मधल्या खुर्चीवर. मेघनाने कागद चिकटवून ठेवलाय. इस्त्रीचा शर्ट घालून ये, आणि कृपा करून तोंड वाकडं करून बसू नकोस. रुमाल आण. जास्त सांगत नाही.

तुझा,
साईनाथ

*

विठ्ठलवाडी,
१७ फेब्रुवारी २०२५

प्रिय साईनाथ,
जय भीम.

मी गाढव आहे. हे आधी लिहून घे.

काल मी तिथे कशाला आलो होतो, माहीत आहे? तुझी फजिती बघायला. मग दिवे गेले, सुदेशने मशीन चालू केलं, आणि पडद्यावर दार उघडलं आणि दारात कांता! माझी कांता! निळी साडी, ते नाकातलं, पदर खांद्यावरून घेतलेला. मला वाटलं माझंच काहीतरी झालं.

छत्तीस वर्षांनी बघितलं तिला. फोटो आहेत घरात, पण फोटोत ती मान वळवत नाही. ती साडीच्या दुकानाची जाहिरात मी विसरूनच गेलेलो. सिनेमाच्या आधी लावायचो आम्ही. दुकानदार आपल्या चाळीत आला होता, म्हणाला शहरातली बाई नको, घरातली वाटली पाहिजे, आणि कांताला घेऊन गेला. त्याच्या मुलाला, कमलेशला, पोटमाळा साफ करताना डबा सापडला आणि त्याने तो मेघनाला दिला, हे मला नंतर तिनेच कागदावर लिहून दाखवलं. हॉलमध्ये गोंगाट फार होता ना, म्हणून.

तर हे तुमचं गुपित होतं. आणि मी काय काय मनात आणलं! तुम्ही दोघं बापाला वगळताय, माझी जागा तू घेतोस. अरे, तुम्ही दोघं माझ्यासाठी तिला आणत होतात. मला माफ कर. मेघनाच्या डोक्यावर मी हात ठेवला तेव्हा ती रडत होती, तूही चष्मा पुसत होतास. सगळा हॉल गप्प होता.

आणि आवाज, साईनाथ! काय स्वच्छ आला! दार उघडून ती बोलते ना, अगदी तसाच, खणखणीत. मी मेघनाला म्हटलंसुद्धा, तुझ्या आईचा आवाज ऐकलास? असा आवाज मी आयुष्यात दुसरा ऐकला नाही. शाब्बास तुम्हा दोघांची.

वहिनींना म्हणावं, येतो जेवायला.

तुझा,
धोंडिबा

*

वर्तकनगर, ठाणे,
२१ फेब्रुवारी २०२५

प्रिय धोंडिबा,

हे पत्र तीन वेळा फाडलं. आता जसं येईल तसं लिहितो.

आवाज आला नाही.

कांतावहिनींनी दार उघडलं, ओठ हलले, आणि काही ऐकू आलं नाही. त्यानंतर दुकानाचं संगीत वाजलं. हॉल गप्प होता तो म्हणून. मेघना रडत होती ती म्हणून. आणि तू तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणालास, ऐकलास का आईचा आवाज. तिने माझ्याकडे बघितलं. मी तुझ्याकडे बघत होतो. त्यानंतर शाळेतली एक मुलगी तुला विचारायला आली, आजोबा, हे मशीन किती जुनं? तू तिला म्हणालास, धन्यवाद बाळा, तूही मोठी हो.

किती दिवस झाले, धोंडिबा? फोन का घेत नाहीस, ते आत्ता लक्षात आलं. मी त्याला ताठा म्हणालो होतो. निदान मला तरी सांगायचं होतंस.

आता माझं पाप. डब्यातली बाकीची फिल्म एकमेकींना चिकटली होती, व्हिनेगरसारखा वास मारत होती. प्रयोगशाळेने सांगितलं, खराब भाग काढून चांगला तुकडा तेवढा द्या. मेघना हैदराबादला. मी माझ्या टेबलावर, माझ्या कात्रीने, तुकडा वेगळा केला. वहिनी दिसतात ती पहिली चौकट धरली, तिच्या आधीचं सगळं कापलं आणि शेवटी वीस चौकटी जास्तीच्या ठेवल्या, आवाज नंतर असतो म्हणून. माझ्याच बोर्डावर लिहिलं होतं तसं. कापलेलं गोळा करून कचऱ्यात टाकलं, घरभर वास सुटला होता. फिल्मवरचा आवाज वाचणारा मशीनमधला दिवा सुदेशला त्याच सकाळी मिळाला, त्यामुळे आधी वाजवून बघता आलं नाही. नंतर त्यानेच सांगितलं, सर, उलटं कापलंत, आवाज आधी असतो.

वहिनी पहिल्याच क्षणाला बोलतात. तो शब्द मी कचऱ्याच्या गाडीत टाकला. त्यांचा आवाज असलेलं जगात दुसरं काही नव्हतं, आणि मेघनाला तो आठवत नाही. तिने मला एका शब्दाने दोष दिला नाही. म्हणाली, काका, बाबांनी बोर्ड बघितला होता ना? मी म्हटलं, कान गेल्यापासून तोही विसरत असेल. तू चुकून 'बरोबर' लिहिलंस, हो ना? मला एवढं लिहून कळव.

साईनाथ

*

विठ्ठलवाडी,
२६ फेब्रुवारी २०२५

साईनाथ,
जय भीम.

चुकून नाही.

सोबत २९ जानेवारीचं एक पत्र जोडलंय. अर्धं आहे, पण वाचलंस की कळेल. पाकिटावर तिकीट लावलं होतं. मग मनात आलं, मी कशाला वाचवू याला? भर सभेत पडू दे तोंडावर, कोणीतरी उठून विचारू दे आणि मग मेघना बघू दे कोणाला काय येतं ते. म्हणून दुसरं लिहिलं. तुझी कात्री कशावर चालणार आहे हे मला माहीत नव्हतं, पण ती माझी सबब नाही. तू 'नीट बघ' म्हणालास आणि मी नीट बघून खोटं लिहिलं. कात्री माझी. पाप तू घेऊ नकोस.

कान जाऊन दीड वर्ष झालं. आधी उजवा, मग डावा. तेहतीस वर्षं दोन मशीनच्या मधे बसलो, दुसरं काय होणार? पण माझी पोरगी आवाजाचं काम करते. तिचा बाप बहिरा, हे मला सांगवेना. त्या दिवशी पडद्यावर कांताचे ओठ हलले आणि मला आतून ऐकू आलं. मला वाटलं सगळ्यांनी ऐकलं.

आता जे लिहितो ते मी कोणाला बोललो नाही, कांतालासुद्धा.

ती जाहिरात आमच्या थेटरात सात महिने चालली. रोज तीन खेळ. दुकानाचा सेल्समन नवरा झालेला, हातात साडीचा बॉक्स, तो दार वाजवतो, कांता दार उघडते आणि म्हणते, 'आलात?' एकच शब्द. पण काय म्हणायची! दिवसभर वाट बघितलेली बाई म्हणते तसं. मी कधी तिच्या तोंडून तो ऐकलाच नव्हता. शेवटचा खेळ संपवून मी घरी पोचायचो तेव्हा ती झोपलेली असायची, जेवण ताटाखाली झाकलेलं. मला कोणी दार उघडून 'आलात' म्हटलं नाही आणि त्या टाय लावलेल्या माकडाला ती सगळ्या कल्याणसमोर म्हणत होती. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

हॉलच्या आवाजाचा दट्ट्या माझ्या हाताशी होता. दार उघडलं की मी तो खाली ओढायचो, संगीत सुरू झालं की वर. केबिनमधला छोटा स्पीकर वेगळा होता, तो चालू ठेवायचो. सात महिने खालच्या आठशे माणसांतल्या एकानेही तिचा शब्द ऐकला नाही. फक्त मी ऐकला. दुकानदाराने तक्रार केली तेव्हा म्हणालो, प्रिंटच खराब आहे. कांता एकदा शेजारणींना घेऊन हौसेने बघायला आलेली. घरी आल्यावर म्हणाली, माझा आवाजच आला नाही हो. मी म्हटलं, मशीनचं असं होतं कधी कधी. तिने विश्वास ठेवला. मी ऑपरेटर होतो ना.

आणि परवाही तिचा आवाज मीच घालवला. या खेपेला तर मला दट्ट्याही लागला नाही.

हे पत्र मेघनाला वाचायला दे. मला तोंडाने सांगता येणार नाही, आणि ती काय म्हणेल ते मला ऐकू येणार नाही.

धोंडिबा

*

डोंबिवली,
४ मार्च २०२५

बाबा,

काकांनी पत्र आणून दिलं आणि मी वाचेपर्यंत गच्चीत जाऊन उभे राहिले. सहावा बोर्ड त्यांनी स्वतःच्या हाताने पुसून परत लिहिलाय.

मी खूप चिडलेय. दोनदा, बाबा. एकदा आईला फसवलंत आणि एकदा मला. आणि दीड वर्ष मी फोनवर जे जे सांगितलं, कामाचं, मनातलं, सगळं, त्यातलं तुम्ही काहीच ऐकलं नाहीत आणि वर 'हो हो, ठीक आहे' म्हणत राहिलात. बाबा शांतपणे ऐकून घेतात असं मी लोकांना कौतुकाने सांगायचे.

मी रविवारी येते. रेकॉर्डर आणणार आहे. तो शब्द आई कसा म्हणायची ते तुम्ही म्हणून दाखवायचं, जमेल तसा, जितक्या वेळा लागेल तितक्या वेळा. जगात तो फक्त तुम्ही ऐकलाय. तुम्हाला तो स्वतःपाशी ठेवता येणार नाही आता.

आणि एक जाड वही आणतेय. मला तुमच्याशी भांडायचंय, आणि या वेळेला तुम्हाला सगळं कळलं पाहिजे.

मेघना